टाचणीचा व्हायोला

तिचं टाचणी हे नाव कोणी पाडलं ते आता आठवत नाही. बहुधा मीच पाडलं असेल, कारण आमच्या थिएटरात नावं ठेवण्याचं खातं माझ्याकडे होतं. ती कपडेपटात शिवणकाम करायची. दोन अंकांच्या मधल्या वेळात माझा उसवलेला झगा माझ्या अंगावरच शिवायची, आणि तेव्हा तिच्या ओठांत ओळीने टाचण्या धरलेल्या असायच्या. ओठ मिटलेले, म्हणून हसणं नाकातून, बोलणं नाकातून आणि श्वासही नाकातून, शेजारच्याला सहज ऐकू जाईल असा. टाका घालण्याआधी ती एक श्वास ओढायची. तो ऐकला की मी हलायची थांबायचे. मोठमोठे दिग्दर्शक ओरडून थकले तरी मी कधी एका जागी उभी राहिले नाही, पण टाचणीच्या श्वासाला मात्र माझा पुतळा व्हायचा.

तिचे वडील आमच्याच थिएटरात, स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात बसणाऱ्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने जरा भरलेली, आवाजाने घोगरी, आणि थोरल्या बहिणीसारखीच सगळं घर सांभाळून कोणाच्या लक्षात न येणारी. वडिलांनी टाचणीला शिकवलं ते त्या खड्ड्यातच, तालमी संपल्यावर. ते गेले तेव्हा वाद्य तिच्याकडे आलं. पुढे लग्न झालं. नवऱ्याला घरात एकच आवाज चालायचा, त्याचा स्वतःचा. काही वर्षांनी तो आवाजही घरातून निघून गेला. कोणाबरोबर गेला ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला माहीत होतं. आमच्याच नाटकातली होती.

मग टाचणी, तिची एकुलती एक लेक आणि तो व्हायोला, असं तिघांचं घर झालं. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, इस्त्रीचं टेबल, बिनडोक्याचा एक पुतळा. त्या पुतळ्याच्या गळ्यात मापाची टेप, आणि त्याच्या शेजारी उभी राहून लेक व्हायोलिन शिकायची. आई समोर बसून व्हायोलावर खालचा आवाज धरायची. गिऱ्हाईक आलं की गज खाली, टेप हातात. गिऱ्हाईक गेलं की टेप पुतळ्याच्या गळ्यात, गज हातात. ही मुलगी पुढे विद्यापीठाच्या संगीत विभागात गेली, तिथे पहिल्या रांगेत बसायला लागली, आणि सगळे म्हणायला लागले की मुलीचा हात काय सुरेख आहे. टाचणी ते ऐकायची आणि नाकातून हसायची.

मीही तोवर नाटकातून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले म्हणजे मला भूमिका मिळेनाशा झाल्या. संगीत विभागाच्या सरांनी मला एक काम दिलं: विद्यार्थ्यांना स्टेजवर यायला शिकवायचं. तुम्हाला हसू येईल, पण वाजवणारी मुलं स्टेजवर येतात ती दुकानातून काहीतरी उचलून पळाल्यासारखी. कसं यायचं, कुठे बघायचं, कसं बसायचं, आणि वाजवून झाल्यावर कसं वाकायचं, हे मी शिकवत असे. चौघं वाजवत असतील तर चौघांनी एकदम उठायचं, एकदम वाकायचं, एकदम वर यायचं. एकट्याने वाकायचं नाही. हा नियम मी त्यांना इतक्यांदा ऐकवला होता की मुलं माझ्या पाठीमागे माझी नक्कल करून म्हणायची.

दर वर्षी विद्यापीठात चेंबर म्युझिकची स्पर्धा होई. तिघं-चौघं, फार तर पाच जण मिळून वाजवतात, हातवारे करणारा संचालक समोर नसतो, आणि एकमेकांकडे बघत, एकमेकांचा श्वास ऐकत पुढे जायचं असतं. अट एकच: सगळे वादक विद्यापीठात नाव घातलेले विद्यार्थी हवेत. जिंकणाऱ्या चमूला एक वर्ष दुसऱ्या शहरातल्या मोठ्या सभागृहात राहून वाजवायला मिळे. त्या वर्षानंतर माणूस वादक म्हणून ओळखला जाई. तोवर तो नुसता कोणाचा तरी मुलगा नाहीतर मुलगी असे.

टाचणीच्या लेकीने चौकडी जमवली. पहिलं व्हायोलिन ती स्वतः, दुसऱ्या व्हायोलिनला एक उंच चष्मेवाला मुलगा, त्याला सगळे लंबू म्हणत, आणि गुडघ्यांत धरून वाजवायच्या भल्यामोठ्या चेलोला एक गुबगुबीत मुलगी, जी हसायला लागली की चेलोही हलायचा. चौथा व्हायोलावाला मिळेना. त्या वर्षी विभागात व्हायोला वाजवणारी एकच विद्यार्थिनी होती, एका वकिलांची मुलगी, आणि ती दुसऱ्या चमूने आधीच पळवली होती. मग लेकच एक दिवस आईला म्हणाली, तू नाव घाल. विद्यापीठात अर्धवेळ प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम होता, त्याला वयाची अट नव्हती. टाचणी म्हणाली, माझ्या वयाच्या बाया नातवंडं सांभाळतात. लेक म्हणाली, मग नातवंड होईपर्यंत व्हायोला सांभाळ.

टाचणीने नाव घातलं. फोटो असलेलं ओळखपत्र मिळालं ते तिने मला शंभर वेळा दाखवलं असेल. फोटोत ओठ गच्च मिटलेले, सवयच ती. कॅन्टीनमध्ये विद्यार्थ्यांना चहा स्वस्त होता. काउंटरवरच्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं, आजी, कोणाचं कार्ड आणलंत. तिने फोटो त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, अभ्यास फार आहे रे, बोलायला वेळ नाही. मुलं तिला काकू म्हणत. चौघांचं नाव आपोआप चांडाळचौकडी पडलं.

तालीम टाचणीच्या शिवणखोलीत व्हायची. मशीन खिडकीखाली सरकवायचं, पुतळ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचं, म्हणजे तो टीका करणार नाही, असं लंबू म्हणायचा. मी कोणता ना कोणता झगा आत घ्यायला किंवा सैल करायला नेऊन तिथे बसून राहायचे. आई आणि लेक समोरासमोर. आणि तिथे मी एक गंमत पाहिली. खरं म्हणजे सुरुवातीचा इशारा पहिल्या व्हायोलिनने द्यायचा असतो. लेक मान हलवून द्यायचीही. पण सगळी निघायची ती टाचणीच्या श्वासावर. नाकातून तो श्वास यायचा आणि चौघं एका क्षणी सुटायची. त्यांना ते माहीत नव्हतं. टाचणीलाही नव्हतं. मला माहीत होतं, कारण त्याच श्वासाला मी वर्षानुवर्षं थांबत आले होते.

उपान्त्य फेरीत त्यांनी जे वाजवलं त्याच्या संथ भागात एक जागा होती. चौघंही थांबतात. पूर्ण शांतता. मग पहिलं व्हायोलिन एकटं, अगदी बारीक आवाजात, पुन्हा सुरू होतं, आणि त्याच्या मागून बाकीचे येतात. शांततेची ती जागा आली. चौघांचे गज वर उचललेले. आणि लेक निघेना.

मी पहिल्या रांगेत होते. नाटकात संवाद विसरलेल्या माणसाचा चेहरा मी इतक्या वेळा जवळून पाहिला आहे की मला क्षणात कळलं. मुलगी कोरी झाली होती. समोर कागद होता, पण अशा वेळी कागदावर माशा बसलेल्या दिसतात, बाकी काही नाही. टाचणीने श्वास घेतला. सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. लेक हलली नाही. तेव्हा टाचणीने गज टेकवला आणि लेकीचे पहिले दोन स्वर आपल्या व्हायोलावर, खालच्या घोगऱ्या आवाजात वाजवले. लहानपणी पुतळ्याशेजारी उभ्या असलेल्या पोरीला ती जशी सुरुवात करून द्यायची, तशी. लेकीचा हात आपोआप उठला. ती निघाली आणि पुढचं सगळं त्यांनी इतकं सुंदर वाजवलं की मी चष्मा काढून ठेवला.

पुष्कळांना वाटलं असेल की ते तसंच लिहिलेलं आहे. पण परीक्षकांत एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते, मोठे नावाजलेले आणि मनाने चांगले. माझा त्यांच्यावर आजही राग आहे तो त्यांच्या चांगुलपणाचाच. निकाल सांगायला ते स्टेजवर आले, चांडाळचौकडी अंतिम फेरीत गेल्याचं जाहीर केलं आणि मग म्हणाले की या चमूचं काळीज व्हायोलाच्या खुर्चीत बसलेलं आहे. आज एक होडी बुडत होती आणि एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने ती एका श्वासात काठाला लावली. त्यांनी हाताने टाचणीला उठायची खूण केली. ती नको नको म्हणत राहिली. ते हात खाली घेईनात. शेवटी ती उठली आणि वाकली. एकटी.

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. बाकीची तिघं बसलेली. लेक आपल्या व्हायोलिनच्या तारांकडे बघत होती. टाळ्या थांबेपर्यंत तिने मान वर केली नाही.

त्यानंतर सरांनी लेकीला खोलीत बोलावलं. ते काय बोलले ते मला त्यांनीच नंतर सांगितलं, अगदी निर्मळ मनाने. तिला त्यांनी सांगितलं होतं की अंतिम फेरीत पहिल्या व्हायोलिनकडे जास्त बघतील, कारण बाहेर गेल्यावर चमू तिला चालवायचा आहे. आईने चालवलेली चौकडी तिथे कोणी ठेवून घेणार नाही. वकिलांच्या मुलीचा चमू उपान्त्य फेरीतच बाद झाला होता, म्हणजे ती मोकळी होती. एक वादक बदलायला नियमाची हरकत नव्हती, फक्त उरलेल्या तिघांचं एकमत हवं. मी बदला म्हटलं नाही, सर म्हणाले, मी फक्त नियम सांगितला. आग लावणारे नेहमी असंच म्हणतात की मी फक्त काडी कुठे ठेवली आहे ते दाखवलं.

ती तिघं शिवणखोलीत आली तेव्हा मी तिथेच होते, एक बाही घातलेली आणि एक काढलेली. वाद्यं आणली नव्हती, तेव्हाच मला शंका आली. लंबू दारातच उभा राहिला. चेलोवाली मुलगी इस्त्रीच्या टेबलाला टेकली आणि बोट फिरवत राहिली. टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. लेकीने नियम सांगितला, वकिलांच्या मुलीचं सांगितलं, तिघांचं एकमत झाल्याचं सांगितलं. सगळं पाठ केल्यासारखं एका दमात.

टाचणीने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. मग लंबूकडे बघितलं. त्याने चष्मा पुसायला घेतला. चेलोवालीकडे बघितलं, ती रडायलाच लागली.

"मी चुकीचं वाजवते का?" टाचणीने विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "तू चुकत नाहीस. मी चुकले. आणि मी चुकले तरी मला पडू दिलं नाहीस."

"मग काय, सगळ्यांसमोर पडू द्यायचं होतं?"

"हो. मी उठले असते गं. कदाचित नसते उठले. पण ते मला कधी कळणारच नाही, तू समोर बसलीस तर. आई, मला एकदा तुझ्याशिवाय वाजवायचंय."

"वाजव की. मी काय हात धरलाय तुझा?"

"श्वास धरलायस," लेक म्हणाली.

मला त्या क्षणी त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी हेही कळलं की ती खोटं बोलत नाही. मी स्वतः तरुणपणी थोरल्या नटीच्या सावलीतून बाहेर पडायला काय काय केलं होतं ते मला आठवलं. टाचणी म्हणाली, ठीक आहे. एवढंच. पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या आणि माझ्या बाहीकडे वळली. मला वाटलं, झालं, संपलं. पण लेक जाईना.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "तिच्या व्हायोलाचा आवाज फार पातळ आहे. आमच्यात मिसळत नाही. आपला दे."

मी आयुष्यात पुष्कळ खलनायिका केल्या. त्यांतल्या एकीलाही नाटककाराने असं वाक्य दिलं नव्हतं. माणूस नको, त्याचं लाकूड तेवढं हवं. टाचणीचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. मग तिने मानेनेच कपाटाकडे दाखवलं. लेकीने कपाट उघडून व्हायोलाची पेटी काढली. आजोबांची पेटी, कोपरे झिजलेले.

दुसऱ्या दिवशी वकिलांची मुलगी वाद्य समजून घ्यायला आली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणावं, तर पोरगी तशी नव्हती. उंबऱ्यावरच चपला काढून, मान खाली घालून, काकू, मला फार वाईट वाटतंय म्हणाली. टाचणीने तिला बसवलं, तारा लावून दिल्या आणि एक स्वर दाखवला. तिथे हा कुरकुरतो, म्हणाली, आमचे वडील म्हणायचे त्याला दुखतं तिथे. तिथे गज हलका ठेव. त्या पोरीला आपली हनुवटी त्या वाद्यावर टेकवता येईना, गळा आखूड होता तिचा. टाचणीने स्वतः स्क्रू सैल करून हनुवटीखालची वर्षानुवर्षांची लाकडी वाटी काढली आणि पोरीची बसवून दिली. काढलेली वाटी तिने बटणांच्या डब्यात टाकली.

अंतिम फेरीला ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली, स्वतः शिवलेला निळा झगा घालून. दारात कोणी स्वयंसेवक होता. तिने सवयीने ओळखपत्र पुढे केलं. तो म्हणाला, विद्यार्थी वरच्या मजल्यावर, मागे. मी म्हटलं, अरे, ही पहिल्या व्हायोलिनची आई आहे. मग इकडे, तो म्हणाला, नातेवाईक डावीकडे. टाचणीने कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि डावीकडे वळली.

चौघं स्टेजवर आली तशी मी शिकवल्याप्रमाणे आली. लेक बसली, तिने मान हलवली आणि चौघं सुटली. एकदम. मला मनातून वाटत होतं की सुटू नयेत. खोटं कशाला बोलू? लंगडावं त्यांनी, एकमेकांत अडकावं, म्हणजे सगळ्यांना कळेल कोण नाही ते. तसं काही झालं नाही. व्हायोला जिथे बोलायला हवा तिथे बोलत होता. कुरकुरणाऱ्या स्वरावर त्या पोरीने गज हलका ठेवला, कुरकुर ऐकूही आली नाही.

मग ती जागा आली. चौघांचे गज वर. शांतता. मी शेजारी बघितलं. टाचणीने रुमाल नाका-तोंडावर दाबून धरला होता. चुकून श्वास ऐकू जाऊ नये म्हणून. एवढ्या लांबून कुठला ऐकू जातोय, पण तिने धरला होता, आणि त्या रुमालाच्या वरचे डोळे लेकीवर. स्टेजवरची शांतता लांबत गेली. मुलगी घाबरलेली नव्हती. ती मुद्दाम थांबली होती. सभागृहातली खोकणारी माणसं खोकायची थांबेपर्यंत थांबली, आणि मग एकटी निघाली. इतका बारीक आवाज, की कोणी अंधारात दिवा घेऊन येतंय असं वाटावं.

टाचणीने रुमाल खाली घेतला. "तिचं बरोबर होतं, बाई," ती म्हणाली.

चांडाळचौकडी जिंकली. तेच पिकल्या केसांचे परीक्षक स्टेजवर आले आणि म्हणाले की या चमूला आज खरं नेतृत्व सापडलं. व्हायोलाच्या खुर्चीत माणूस बदलला आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. चौघं उठली, एकदम वाकली, एकदम वर आली. माझ्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

खाली फोटो काढत होते. लेकीने गर्दीत आईला पाहिलं आणि हाक मारली, आई, ये ना. फोटोवाला म्हणाला, आधी फक्त कलाकार. लेक म्हणाली, मग थांब, नंतर घरचा काढू. टाचणी खांबाशी थांबली. मग सर आले, मग वकील आले, फुलं घेऊन, मग कोणीतरी चौघांना गाडीत घातलं. घरचा फोटो राहिला तो राहिला.

चौकडी त्या दुसऱ्या शहरात गेली, आणि व्हायोलाही गेला. एक वर्षासाठी फक्त, लेक म्हणाली होती. वर्ष सरलं, त्यांना तिथे आणखी काम मिळालं. आता लेक पोटापाण्याला लागली आहे, तिचं नाव फलकावर येतं, कधीमधी फोन येतो, खुशाली येते, पैसेही पाठवते. वाईट मुलगी नाही. लोक मला विचारतात की मग तुम्हाला एवढं काय झोंबतं. मी म्हणते, आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुखलं तरी चावलं कोणी ते सांगता येत नाही, हेच झोंबतं.

परवा मी टाचणीकडे गेले, एक जुना झगा घेऊन. आताशा मी बारीक होत चालले आहे, सगळे झगे आत घ्यावे लागतात. मशीन खिडकीखालून पुन्हा खोलीच्या मध्ये आलं आहे. पुतळ्याचं तोंड अजून कोपऱ्याकडेच आहे. बटणं शोधायला तिने डबा पालथा केला आणि बटणांबरोबर ती लाकडी वाटीही टेबलावर आली, तिच्या हनुवटीने घासून गुळगुळीत झालेली. दोघींनीही ती पाहिली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं टाचणे, मागून घे की व्हायोला परत. आता त्या वकिलाच्या मुलीने स्वतःचा घेतला असेल नवा."

तोंडातल्या टाचण्यांमुळे तिचं बोलणं नाकातून आलं.

"घेतलाय. लेकीने केव्हाच विचारलं, पाठवू का म्हणून. मीच नको म्हटलं."

"का गं?"

"आला तर वाजवावा लागेल, बाई. आणि समोर कोण बसेल?"

तिने वाटी उचलून डब्यात टाकली, वरून बटणं लोटली आणि माझ्या कमरेशी वाकली. मला तो श्वास ऐकू आला. मी हलायची थांबले.